झडती आणि अब्रू

विमानाने जाणाऱ्या खान्देशी माणसाला तिकिटाचा भाव तोंडपाठ असतो. कुठलं विमान वेळेवर सुटतं आणि कुठलं ऐनवेळी रद्द होतं, हेही तो सांगतो. पण कमरेचा पट्टा काढायला का लावला, हातातल्या पिशवीतली कात्री का काढून घेतली, मोठ्या बॅगेत टाकलेली पॉवर बँक परत बाहेर का काढायला लावली, हे ठरवतं कोण असं विचारलं, तर तो समोर उभ्या असलेल्या शिपायाकडे बोट दाखवेल. शिपाई हुकमाचा ताबेदार. हुकूम येतो दिल्लीहून, नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोकडून. विमानतळावरची माणसं या कार्यालयाला बीसीएएस म्हणतात. मुंबईच्या अवाढव्य टर्मिनलपासून जळगावच्या छोट्या इमारतीपर्यंत कुणाची झडती कशी घ्यायची, याचे नियम हेच कार्यालय लिहितं. त्याची वाटचाल इथे मांडायची आहे, ती जळगावच्या रांगेत उभं राहून.

या कार्यालयाचा जन्म अपहरणातून झाला. जानेवारी १९७१ मध्ये श्रीनगरहून निघालेलं ‘गंगा’ हे फोकर विमान लाहोरला नेऊन जाळण्यात आलं. १० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीच्या पालम विमानतळावरून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ पुन्हा लाहोरलाच नेलं गेलं. या वेळी प्रवासी सुखरूप परतले, पण सहा वर्षांत दुसऱ्यांदा हेच घडल्यावर सरकारला हालचाल करावी लागली. पांडे समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात एक सुरक्षा कक्ष उघडला. त्याचाच पुढे हा ब्युरो झाला. त्या काळी जळगावला सार्वजनिक बांधकाम खात्याने १९७३ मध्ये बांधलेली धावपट्टी होती, पण इथल्या माणसाचा लांबचा प्रवास म्हणजे भुसावळ जंक्शन. अंगाला हात लावून झडती घेतात ती तुरुंगात किंवा पोलीस ठाण्यात, अशीच सगळ्यांची समजूत होती. सभ्य माणसाची, त्याने काहीही केलेलं नसताना, चारचौघांत झडती घ्यायची ही कल्पनाच आपल्या समाजाला नवी होती. आज ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याबद्दल कुणी बोलतही नाही.

कक्षाचा ब्युरो झाला तो कनिष्क दुर्घटनेनंतर. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं हे विमान आयर्लंडच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर अटलांटिकवर फुटलं आणि ३२९ माणसं गेली. बॉम्ब सामानात होता. ज्याच्या नावावर ती बॅग व्हँकुव्हरहून पुढे पाठवली गेली, तो माणूस विमानात चढलाच नव्हता. टोरांटोला सामान तपासणारं एक्स-रे यंत्र नेमकं त्याच दिवशी मध्येच बंद पडलं आणि उरलेल्या बॅगा हातातल्या शोधक यंत्राने तपासून पुढे पाठवल्या गेल्या. १ एप्रिल १९८७ रोजी ब्युरो महासंचालनालयातून बाहेर पडून थेट मंत्रालयाच्या अखत्यारीत स्वतंत्र विभाग झाला. न आलेल्या प्रवाशाची बॅग विमानाच्या पोटातून शोधून उतरवल्याशिवाय विमान सोडायचं नाही, ही आजची शिस्त कनिष्कने शिकवली. उशीर झाला म्हणून आपण कुरकुरतो तेव्हा त्या ३२९ जणांची आठवण ठेवायला हवी.

मधल्या काळात, ५ सप्टेंबर १९८६ रोजी, मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं विमान कराचीत थांबलेलं असताना हल्लेखोर विमानतळाच्या सुरक्षारक्षकांचे कपडे घालून, तसल्याच गाडीतून थेट विमानापर्यंत पोहोचले. गणवेशावर विश्वास ठेवून चालत नाही हे त्या दिवशी कळलं. प्रवाशाइतकीच कर्मचाऱ्याचीही झडती घ्यायची, हे तेव्हापासून पक्कं होत गेलं.

मग कंदहार. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी-८१४ पळवून कंदहारला नेलं गेलं आणि आठवडाभर सगळा देश टीव्हीसमोर बसून राहिला. त्यानंतरच्या निर्णयांनी आपल्या विमानतळांचं रूप बदललं. तोवर तपासणी त्या त्या राज्याचे पोलीस करायचे. ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूर विमानतळापासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे हे काम जायला सुरुवात झाली आणि मोठे विमानतळ एकेक करून सीआयएसएफच्या ताब्यात गेले. विमानाच्या शिडीपाशी पुन्हा एकदा झडती घेण्याची पद्धतही याच घटनेनंतरची. तिच्याकडे शेवटी यायचं आहे.

पुढची दहा वर्षं जगभर एकाच क्रमाने गेली. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेत चार विमानं पळवली गेली. डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटक लपवून आणलं. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला पेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात शिवलेलं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. दरवेळी प्रवाशाच्या अंगावरची एक नवी वस्तू संशयाखाली आली. आधी बॅग, मग बूट, मग बाटली, शेवटी कपड्यांच्या आतला देह. सुरक्षेचा नियम घटनेच्या मागून येतो आणि एकदा आला की सहसा परत जात नाही.

अमेरिकेतल्या त्या हल्लेखोरांनी विमान चालवायचं शिक्षण साध्या उड्डाण शाळांत घेतलं होतं. म्हणून धुळ्याजवळच्या गोंदूरची धावपट्टी किंवा शिरपूरची धावपट्टी, जिथे तरुण मुलं-मुली लहान विमानांवर हात बसवतात, त्याही सुरक्षेच्या नकाशावर आल्या. प्रवासी विमान उतरत नाही म्हणून धुळं या गोष्टीपासून लांब आहे, असं समजायचं कारण नाही.

जळगावची गोष्ट थोडी वेगळ्या वळणाने गेली. कुसुंब्याजवळच्या त्या जुन्या धावपट्टीचा विस्तार भारतीय विमानतळ प्राधिकरणाने हाती घेतला. २०१० मध्ये कोनशिला बसली, तेव्हा राष्ट्रपती होत्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील. २०१२ मध्ये विमानतळ तयार झाला, पण विमानच येईना. ‘उडान’ योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं जेमतेम अठरा-एकोणीस आसनांचं विमान मुंबईला जाऊ लागलं आणि लवकरच अडखळलं. सप्टेंबर २०१९ पासून ट्रूजेटने काही काळ अहमदाबाद आणि मुंबई जोडली. २०२४ मध्ये फ्लाय९१ची विमानं गोवा, हैदराबाद आणि पुण्याला सुरू झाली, अलायन्स एअरची मुंबईला. सत्तरेक आसनांचं पंख्यांचं विमान, एका वेळी एकच रांग, एकच एक्स-रे यंत्र पुरेल एवढी गर्दी. ‘उडान’च्या अटींत पोलीस बंदोबस्त आणि अग्निशमनाची जबाबदारी राज्य सरकारची. त्यामुळे अशा छोट्या विमानतळांवर तपासणीला उभा असलेला शिपाई बहुधा याच राज्याचा, कधी याच जिल्ह्यातला.

मोठ्या शहरातल्या माणसाला गोपनीयता म्हटली की यंत्र आठवतं, कॅमेरा आठवतो, कुठल्यातरी सर्व्हरमध्ये जाऊन पडणारा चेहरा आठवतो. मुंबईच्या विमानतळावर तुमच्या बॅगेत काय निघालं हे शेजारच्या दहा जणांनी पाहिलं, तरी ते दहा जण पुन्हा आयुष्यात भेटायचे नाहीत. जळगावात रांगेत पुढे व्याही उभे असतात, मागे दुकानातलं गिऱ्हाईक, त्यामागे मुलीचे क्लासचे सर. तपासणारी बाई आपल्याच गल्लीतली निघू शकते. खान्देशात अब्रूला धोका यंत्राच्या डोळ्यापेक्षा ओळखीच्या डोळ्याचा जास्त आहे, आणि दिल्लीत बसून लिहिलेल्या परिपत्रकाला हा फरक दिसत नाही. या सगळ्या वाटचालीतली माझी मुख्य तक्रार हीच आहे.

जळगावच्या सराफ बाजाराचं नाव देशभर आहे. समजा, लग्नासाठी दागिने घेऊन एखादं कुटुंब पुण्याला निघालं. एक्स-रेच्या पडद्यावर धातूचा दाट ठिपका दिसला की तपासणारा बॅग उघडायला सांगणारच, ते त्याचं कामच आहे. पण ती बॅग रांगेसमोरच्या उघड्या टेबलावर उघडली, डबी वर धरून ‘यात काय आहे’ असं मोठ्याने विचारलं, की त्या कुटुंबाकडे किती सोनं आहे हे सत्तर जणांना कळतं. ही माहिती पुण्याच्या विमानतळाबाहेर रिक्षा मिळेपर्यंत त्यांचा पाठलाग करू शकते. गोपनीयता आणि सुरक्षा ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली, असं नेहमी सांगितलं जातं. त्या टेबलापाशी तसं होत नाही. तिथे गोपनीयता पाळणं हाच सुरक्षेचा भाग असतो. टेबलाला तीन बाजूंनी आडोसा करायला किती खर्च येईल?

अमळनेरकडची एखादी आजी घ्या, नऊवारी नेसलेली, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या. दाराच्या चौकटीतून गेली की यंत्र वाजणार. पायातली जोडवी काढा म्हणतील, ती निघत नाहीत, कारण लग्नापासून निघालेली नाहीत. मंगळसूत्र, पाटल्या, पुन्हा चौकट, पुन्हा आवाज. ‘मना गुडघामा लोखंड शे, माय,’ असं तिला आपल्या अहिराणीत सगळ्यांसमोर सांगावं लागतं, मग ऑपरेशन कुठे झालं, कधी झालं, कागद आहे का. तपासणीतला धोका शून्यावर आणायचा तर हे प्रश्न विचारायलाच हवेत, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र ते पडद्याच्या आत विचारता येतात, हलक्या आवाजात विचारता येतात, आणि तिची भाषा समजणाऱ्या बाईने विचारले तर अर्ध्या वेळात संपतात. आपल्या विमानतळांवर बायकांची झडती पडद्याच्या आडोशाला बाईनेच घ्यायची, ही रीत चांगली रुळलेली आहे आणि तिचं श्रेय द्यायला हवं. पण पडद्याच्या आत एका वेळी एकच बाई असते का, पडदा पुरता ओढलेला असतो का, आतलं बोलणं बाहेर ऐकू जातं का, यावर सगळं अवलंबून असतं.

याहून नाजूक गोष्टी आहेत. कर्करोगासाठी मुंबईला उपचार घेऊन येणारी माणसं जळगाव-धुळ्यात गावोगाव आहेत. स्तन काढलेल्या बाईच्या अंतर्वस्त्रात भरणीचा कृत्रिम अवयव असतो. आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या पोटाला पिशवी लावलेली असते. कित्येक घरांत ही गोष्ट सासरच्या सगळ्या मंडळींनाही सांगितलेली नसते. हात फिरवणाऱ्या शिपाई बाईला तो उंचवटा जाणवला, तर तिने थांबायलाच हवं, कारण डेट्रॉइटच्या त्या तरुणाने स्फोटक अशाच ठिकाणी लपवलं होतं. प्रश्न एवढाच उरतो की थांबल्यावर ती पुढे काय करते. बंद खोली आहे का? तिथे न्यायला कुणी मोकळं आहे का? कपडे न उतरवता, कापडी पट्टी फिरवून स्फोटकाचे कण शोधणारं यंत्र जवळ आहे का? हे यंत्र मोठ्या विमानतळांवर रोज वापरलं जातं. पट्टी अवयवावरून किंवा कपड्यावरून फिरवायची, यंत्रात घालायची, काही सेकंदांत उत्तर. माणसाची अब्रू आणि विमानाची सुरक्षा एकदम राखणारं याहून साधं साधन मला माहीत नाही.

अपंग प्रवाशाच्या अब्रूसाठी आपल्याकडे न्यायालयापर्यंत जावं लागलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष कोलकात्याहून गोव्याच्या परिषदेला निघाल्या होत्या. विमानात बसल्यावर त्यांना खाली उतरवण्यात आलं. परिषद भरवणारी मुंबईची ‘अडॅप्ट’ ही संस्था त्यांच्याबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेली. १२ मे २०१६ रोजी न्यायालयाने विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि अपंग प्रवाशांसाठीचे नियम सुधारायला सांगितले. तरीही ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांना समाजमाध्यमावर थेट पंतप्रधानांना साकडं घालावं लागलं, कारण प्रत्येक विमानतळावर त्यांना कृत्रिम पाय काढून दाखवायला सांगत होते. १९८१ च्या अपघातात पाय गमावून त्याच कृत्रिम पायावर भरतनाट्यम उभं करणारी ही बाई. सुरक्षा दलाने जाहीर माफी मागितली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीजा घोष यांच्याच खटल्यात स्पष्ट केलं की तपासणीसाठी कृत्रिम अवयव काढायला लावू नये आणि अपंग प्रवाशाला त्याच्या संमतीशिवाय उचलू नये. दिल्लीचे सुरक्षा नियम एका हल्ल्यानंतर झपाट्याने निघतात. माणसाचा पाय काढायला लावू नका, एवढं सांगायला मात्र एका बाईची याचिका, दुसरीचा व्हिडिओ आणि नऊ-दहा वर्षं लागली.

जयपूर फूट ज्या शहरात जन्मला त्याच शहरात सीआयएसएफने विमानतळ सुरक्षेचं काम सुरू केलं, हा निव्वळ योगायोग. पण प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी जवानाच्या हातात जयपूर फूट देऊन तो कसा बनतो, आत काय असतं, न काढता कसा तपासायचा, हे दाखवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक प्रसंग इथे नोंदवायला हवा. २१ एप्रिल २००९ रोजी दिल्ली विमानतळावर एका अमेरिकी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची झडती घेतली. कलाम साहेबांनी स्वतः तक्रार केली नाही. जुलैमध्ये हे संसदेत गाजलं आणि कंपनीला माफी मागावी लागली, कारण ब्युरोच्या यादीनुसार माजी राष्ट्रपतींना झडतीतून सूट आहे. त्या वेळी राष्ट्रपतिपदावर असलेल्या प्रतिभाताईंचंही आज त्या यादीत स्थान आहे. त्यात वावगं काही नाही, पदाचा मान राखायलाच हवा. पण यादीतल्या माणसाची अब्रू परिपत्रक राखतं आणि यादीबाहेरच्या आपल्या सगळ्यांची अब्रू त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या शिपायाच्या स्वभावावर राहते, ही विषमता खटकते.

आता यंत्राकडे. डेट्रॉइटच्या प्रसंगानंतर अमेरिकेने कपड्यांच्या आरपार दाखवणारी यंत्रं झपाट्याने बसवली. त्यातल्या एका जातीची यंत्रं सौम्य क्ष-किरण वापरायची आणि पडद्यावर माणसाची जवळपास नग्न आकृती दिसायची. केवढा गहजब झाला. प्रतिमा साठवल्या जाणार नाहीत असं सांगितलं जात होतं, आणि २०१० मध्ये उघड झालं की फ्लोरिडातल्या एका न्यायालयाच्या दारातल्या दुसऱ्या प्रकारच्या यंत्राने सुमारे ३५,००० प्रतिमा साठवून ठेवल्या होत्या. अमेरिकी संसदेने विमानतळांवरच्या यंत्रांसाठी मुदत घातली. देह न दाखवता फक्त बाहुलीसारख्या रेखाकृतीवर संशयाची जागा दाखवणारी प्रणाली त्या क्ष-किरण यंत्रांच्या कंपनीला बनवता आली नाही, आणि २०१३ पर्यंत ती सगळी यंत्रं विमानतळांवरून हलवली गेली. दुसऱ्या जातीची, मिलिमीटर लहरींची यंत्रं राहिली. त्यात क्ष-किरण नसतात, लहरी कपड्यातून जाऊन त्वचेवरून परततात आणि पडद्यावर सगळ्यांची एकच ठोकळ आकृती दिसते, संशय आला तिथे चौकोन. लोकांनी ओरड केली म्हणून तंत्रज्ञान बदललं, इतकं स्पष्ट उदाहरण या क्षेत्रात दुसरं नाही.

आपल्या ब्युरोने एप्रिल २०१९ मध्ये ८४ संवेदनशील विमानतळांवर वर्षभरात अशी अंगतपासणी यंत्रं बसवायचा आदेश काढला आणि आकृती ठोकळच असेल, साठवली जाणार नाही, ही अट सुरुवातीपासून ठेवली. परक्याच्या अनुभवातून शहाणपण घेतलं, ही या वाटचालीतली जमेची बाजू. मुदत मात्र टळत गेली. मे २०२५ मध्ये दिल्लीत पुन्हा नव्या यंत्रांची चाचणी सुरू झाली. भारतात अडचण पोशाखाचीही आहे. साडीच्या निऱ्या, नऊवारीचा काचा, फेटा, शालीच्या घड्या, यांत लहरी अडकल्या की यंत्र नसलेल्या वस्तूचा संशय घेतं, आणि शेवटी पुन्हा हात फिरवावाच लागतो. यंत्र आलं की स्पर्श संपेल, असं जळगावच्या प्रवाशाला कुणी सांगत असेल तर त्याने लगेच विश्वास ठेवू नये.

स्पर्श कमी करता येतो, हे करोनाने दाखवून दिलं होतं. २५ मे २०२० रोजी देशांतर्गत विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा बोर्डिंग पासवरचा शिक्का बंद झाला आणि हात लावायचा तो शक्यतो यंत्र वाजलं तरच, अशी पद्धत काही काळ आली. त्याआधी २०१७ मध्ये मोठ्या विमानतळांवर हातातल्या बॅगेच्या चिठ्ठीवर शिक्का मारणं थांबलं होतं. वर्षानुवर्षं अटळ वाटलेल्या गोष्टी आवश्यक नव्हत्या, हे एकदा कळल्यावर इतर गोष्टींकडेही त्याच नजरेने पाहायला हवं.

कायद्याची बाजू थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. सरकारला त्यात हात घालायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या मानाने बेताचा हवा. यातली पहिली अट ब्युरोला लावून पाहा. १९७८ पासून कोट्यवधी लोकांच्या झडतीचे नियम लिहिणाऱ्या या संस्थेला विमान कायद्यात स्वतःचं वैधानिक स्थान मिळालं ते २०२० च्या दुरुस्तीने, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. आता संस्थेला कायद्याचा पाया आहे, तर प्रवाशाच्या हक्कालाही तेवढाच ठळक मजकूर मिळायला हवा. तपासणीच्या जागी बंदी असलेल्या वस्तूंची चित्रं लावलेली असतात. ‘तुम्ही बंद खोलीत तपासणी मागू शकता’ अशी मराठी पाटी मी अजून पाहिलेली नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीला चेहरा ओळखून आत सोडणारी डिजीयात्रा ही व्यवस्था सुरू झाली, २०२३ मध्ये पुण्याला आणि मुंबईला आली. जळगावहून पुण्याला गेलेला माणूस परतताना तिथल्या चेहरा ओळखणाऱ्या फाटकासमोर उभा राहतो. चेहरा आणि ओळखपत्र आपल्याच फोनमध्ये राहतं, विमानतळाकडे गेलेली माहिती उड्डाणानंतर चोवीस तासांत पुसली जाते आणि सगळं ऐच्छिक आहे, असं ही व्यवस्था चालवणारी ना-नफा कंपनी सांगते. २०२४ मध्ये जुनं ॲप काढून नवं ॲप घ्यायला सांगितलं गेलं तेव्हा अनेकांच्या मनात पाल चुकचुकली. नोव्हेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचे नियम निघाले, पण सरकारी यंत्रणांना कायद्यात मोठ्या सवलती आहेत. ऐच्छिक म्हणजे खरोखर ऐच्छिक राहायचं तर ओळखपत्र दाखवून जाणाऱ्यांची रांग तितकीच सुटसुटीत राहायला हवी. एकच फाटक साधं ठेवून बाकी सगळी चेहऱ्याची केली, की म्हातारं माणूस कंटाळून हो म्हणतं, आणि त्या होकाराला संमती म्हणता येत नाही.

मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव वाढला तेव्हा ब्युरोने देशातल्या सगळ्या विमानतळांवर सगळ्या प्रवाशांची शिडीपाशी दुसरी झडती सक्तीची केली. जळगावही त्यात आलं. देश संकटात असताना दोनदा हात लावू द्यावा लागला तर द्यावा, त्यात कुरकुर करण्यासारखं काही नाही. पण शिडी उघड्यावर असते. इमारतीत पडदा असतो, शिडीपाशी आडोसा नेऊन उभा केला तरच असतो. मेच्या उन्हात डांबरावर उभी असलेली बाई कुणाच्या नजरेसमोर तपासली जाते, हा प्रश्न परिपत्रकात यायला हवा होता.

प्राधिकरणाच्या विमानतळांना स्थानिक खासदारांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती असते. जळगावच्या समितीपुढे नव्या मार्गांची आणि विमानांच्या वेळांची मागणी नेहमी येईल, यायलाही हवी. त्याच विषयपत्रिकेवर आणखी काही प्रश्न यावेत. प्रत्येक उड्डाणाच्या वेळी तपासणीला किमान दोन महिला पोलीस असतात का. शिडीपाशी उभा करायला फिरता आडोसा आहे का. स्फोटकाचे कण शोधणारं यंत्र चालू आहे का आणि ते चालवणारा माणूस त्या वेळी हजर असतो का. दागिन्यांची बॅग उघडायचं टेबल कुठे ठेवलं आहे. आणि २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मराठीत, तपासणी करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात, सहीनिशी दिला गेला आहे का.